नाल किती, ते आधी सांगा

जुगाराचा विषय निघाला की आपल्याकडे वाद ठरलेल्या दोन रुळांवरून धावतो. एक पक्ष म्हणतो, वाईट आहे, समूळ बंद करा. दुसरा म्हणतो, लोक खेळायचे थोडेच थांबणार आहेत. मग गोव्यासारखा परवाना द्या, कर वसूल करा, चार पोरांना नोकऱ्या लागतील, पर्यटक येतील. इंदुरात हे दोन्ही पक्ष एकाच घरात सापडतात. दिवाळीला हमखास तीन पत्ती मांडणारे मामा पहिल्या पक्षात असतात आणि पत्त्याला कधी हात न लावलेला भाचा दुसऱ्यात, ही गंमत वेगळीच. पण दोघांच्याही बोलण्यात एक प्रश्न कधी येत नाही. शंभर रुपये लावले, तर त्यातले खेळ चालवणारा किती ठेवून घेतो?

माळव्यात या ठेवून घेतलेल्या पैशाला नाव आहे. पत्त्यांचा अड्डा बसला की जागा देणारा प्रत्येक डावातून आपला वाटा बाजूला काढतो, ती नाल. कोण जिंकलं, कोण बुडालं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पोलिसांनी धाड घातली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खेळणारे आणि नाल काढणारा यांचा उल्लेख वेगवेगळा होतो, तो त्यामुळेच. कॅसिनो कितीही झगमगीत असला तरी धंदा हाच. फरक असा की अड्ड्यावर नाल डोळ्यांसमोर निघते, कॅसिनोत ती बक्षिसांच्या तक्त्यात मुरलेली असते आणि गणित केल्याशिवाय दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या खेळाची नाल तिकिटावर किंवा यंत्रावर ठळक छापलेली नाही, त्याला कुठल्याही सरकारने परवाना देऊ नये. परवाना द्यायचाच नसेल, बंदीच ठेवायची असेल, तर निदान ही नाल काढायची कशी ते शाळेत शिकवावं. बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापायची सक्ती आपण करतो. इथे तर गिऱ्हाईक काय भावाने विकत घेतोय हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

हे पटवायला मी केनो हा खेळ घेतो. आपल्याकडे तो फारसा कुणाला माहीत नाही, आणि ते बरंच आहे. ज्या खेळाशी आपला लोभ जडलेला नाही त्याचं गणित शांतपणे करता येतं. दुसरं कारण असं, की त्यात कौशल्य औषधालासुद्धा नाही. रमीत हात चांगला लावता येतो, पोकरमध्ये समोरच्याचा चेहरा वाचता येतो. केनोत आकडे निवडून बसून राहायचं. म्हणून त्याची किंमत पैपर्यंत काढता येते.

आमच्या सुदामानगरातल्या एक काकू मुलाकडे अमेरिकेला गेल्या होत्या. सून-मुलगा त्यांना लास व्हेगासला घेऊन गेले. येताना त्यांनी माझ्यासाठी, म्हणजे गणित शिकवणाऱ्या शेजाऱ्यासाठी, केनोचं एक कोरं तिकीट आणि काळा मेणाचा खडू आणला. तळहाताएवढा कागद. वरच्या अर्ध्यात १ ते ४० चे चौकोन, खालच्या अर्ध्यात ४१ ते ८०. हवे तितके आकडे खडूने खुणावायचे, किती पैसे लावले ते लिहायचं आणि खिडकीवर द्यायचं. मग ८० आकड्यांतून २० निघतात. आपण खुणावलेल्यांपैकी किती निघाले, त्यावर बक्षीस. काकूंनी सांगितलं, "अरे, आपल्या मंडळाच्या हाऊजीसारखंच आहे की! फक्त कुणी ओरडत नाही."

नातं खरंच जवळचं आहे. मूळ खेळ चिनी. लहान मुलांना लिपी शिकवण्यासाठी चीनमध्ये एक हजार अक्षरांचं जुनं काव्य वापरत, त्यात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. त्यातली पहिली ऐंशी अक्षरं तिकिटावर छापत आणि त्याला ‘पांढऱ्या कबुतराचं तिकीट’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात चिनी मजुरांबरोबर हा खेळ अमेरिकेत पोचला. तिथल्या गोऱ्या लोकांना अक्षरं वाचता येईनात, म्हणून अक्षरांच्या जागी आकडे आले. नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला आणि पुढच्या काही वर्षांत रीनो शहरातल्या क्लबांत केनो उघडपणे सुरू झाला. आता तर सरकारंच तो चालवतात. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी लॉटरीत १९९३ पासून केनो आहे, दर काही मिनिटांनी सोडत, आणि बारमध्ये बसलेला माणूस पडद्याकडे बघत एकेक तिकीट घेत राहतो.

ते तिकीट मी भंवरकुआँवरच्या माझ्या क्लासात नेलं. अकरावी-बारावीची मुलं, जेईईच्या तयारीची, म्हणजे क्रमचय-संचय, किती प्रकारे मांडता-निवडता येईल याची सूत्रं, तोंडपाठ. बुऱ्हाणपूरचा एक मराठी मुलगा लगेच म्हणाला, "सर, ऐंशीतले वीस निघतात, म्हणजे चान्स पंचवीस टक्के. वाईट नाहीये." एका आकड्यापुरतं त्याचं बरोबर होतं. एकच आकडा खुणावला तर तो निघण्याची शक्यता नेमकी चारात एक. पण नेहमीच्या तक्त्यात त्याचे मिळतात तिप्पट. शंभर शंभर रुपये चार वेळा लावा, सरासरी एकदा तीनशे मिळतील. चारशे गेले, तीनशे आले. शेकडा पंचवीस नाल. अख्ख्या कॅसिनोत याहून साधं गणित नाही आणि हेही कुठे लिहिलेलं नसतं.

जास्त आकडे खुणावले की शक्यता भराभर कोसळते. दोन्ही आकडे जुळण्याची शक्यता साधारण सतरात एक, तिन्हीची बहात्तरात एक, पाचही जुळायचे तर दीड हजारात एक. दहाच्या दहा जुळण्याची शक्यता ८९ लाख ११ हजार ७११ मध्ये एक. दर मिनिटाला एक सोडत, दिवसरात्र, न जेवता न झोपता धरली, तर सरासरी सतरा वर्षांतून एकदा. कुणी वीस आकडे खुणावून वीसही जुळवायला निघाला तर ३५ वर सतरा शून्यं एवढ्या शक्यतांशी गाठ आहे. तेवढ्या सोडती पृथ्वीवर आजवर झालेल्या नाहीत. तरी त्या रकान्यासमोर मोठ्ठं बक्षीस छापलेलं असतं. शिवाय एका सोडतीत सगळ्यांना मिळून किती द्यायचं यालाही अनेक ठिकाणी मर्यादा असते, ती बारीक अक्षरात.

पण हे ‘लाखात एक’ छापाचे आकडे लोकांना सांगून उपयोग नसतो, असं माझं मत झालं आहे. "कुणाला तरी लागतंच ना, सर?" या वाक्यापुढे ८९ लाख निष्प्रभ ठरतात. त्यापेक्षा मधल्या रकान्यांत डोकावावं. खरी मेख तिथे आहे.

सहा आकड्यांचं तिकीट घेऊ. अमेरिकी धाटणीचा तक्ता धरू: शंभर रुपयांच्या तिकिटावर तीन जुळले तर शंभर परत, चार जुळले तर चारशे, पाच जुळले तर ८,८०० आणि सहाच्या सहा जुळले तर दीड लाख. ऐकायला बरं वाटतं. आता शंभर तिकिटं डोळ्यांसमोर आणा. सरासरी ८४ तिकिटांना काहीच मिळणार नाही. १३ तिकिटांना आपलेच शंभर परत मिळतील. खिडकीवरची बाई हसून पैसे देईल, आपण ‘लागलं’ म्हणू, आणि हातात एक नवा रुपयासुद्धा आलेला नसेल. उरली तीन. त्यांतल्या बहुतेकांना चारशे. पाच जुळणं सव्वातीनशे तिकिटांतून एकदा, सहा जुळणं पावणेआठ हजारांतून एकदा.

सगळं जोडलं की शंभरातले ७१ परत येतात, २९ राहतात. म्हणजे नाल २९ टक्के. इथपर्यंत मुलांनी फळ्यावर केलं. मग मी त्यांना विचारलं, की हे ७१ येतात कुठून? तीन जुळण्यातून तेरा रुपये, चार जुळण्यातून जेमतेम साडेअकरा. एकूण साडेचोवीसच्याही आत. बाकीचे साडेशेहेचाळीस रुपये पाच आणि सहा जुळण्याच्या त्या दुर्मीळ तिकिटांत दडलेले आहेत. कुणी एका संध्याकाळी पन्नास तिकिटं घेतली, तर शंभरातल्या पंच्याऐंशी संध्याकाळी त्याला पाच किंवा सहा एकदाही जुळणार नाहीत. त्या पंच्याऐंशी संध्याकाळी त्याचा परतावा ७१ नसतो, शंभराला चोवीस-पंचवीस असतो. पाच हजार घेऊन गेलेला माणूस सव्वाबाराशेच्या आसपास घेऊन परततो आणि म्हणतो, आज नशीब नव्हतं. नशीब अगदी नेहमीसारखंच होतं.

या फळ्यावरच्या हिशेबाला वर्गात जी शांतता पसरली, ती अवकल गणिताच्या अवघड प्रश्नालाही पसरत नाही. ही मुलं संचयाची सूत्रं दोन वर्षं घोकत होती. पाठ्यपुस्तकात मात्र पिशवीत लाल आणि निळे चेंडू असतात, फार तर नाणं आणि फासा. चेंडू काढायला पैसे किती लागतात आणि लाल निघाला तर किती मिळतात, हे पुस्तक विचारत नाही. शक्यता शिकवायची पण भाव शिकवायचा नाही, असा हा अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षेला ते पुरतं, बाजारात उभं राहिल्यावर पुरत नाही.

तुलनेसाठी आपल्या ओळखीचा सट्टा घ्या. मटका बेकायदा आहे, पण त्याचे भाव सगळ्या मिल-वस्त्यांना ठाऊक असतात. दहा आकड्यांतला एक लावायचा, ‘दहाचे नव्वद’. शंभरातली एक जोडी लावायची, ‘दहाचे नऊशे’. या सर्रास चालणाऱ्या भावाने दोन्हीकडे नाल निघते दहा टक्के. मटक्याची सुरुवातच मुळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि मिटत्या भावांवर पैसे लावण्यातून झाली. सर सेठ हुकुमचंदांच्या इंदुराला तर कापसाच्या सट्ट्याचं मोल कुणी शिकवायची गरज नव्हती. सांगायचं असं, की गल्लीतला खाईवाल, म्हणजे मटक्याचे पैसे घेणारा, ज्याला आपण गुन्हेगार म्हणतो, तो दहा टक्के ठेवतो, तेही तोंडाने सांगून; आणि संगमरवरी फरशीवर, परवाना भिंतीला टांगून चालणारा केनो पंचवीस ते तीस टक्के ठेवतो, न सांगता. खाईवालाची तरफदारी मी करत नाही. तो आकडा फिरवतो, उधारी देऊन माणसाला बांधतो, वसुलीला गुंड पाठवतो, आणि फसलेल्याला दाद मागायला जागा नसते. पण भावाच्या पारदर्शकतेत तो पुढे आहे, आणि याची लाज परवाना देणाऱ्यांना वाटायला हवी.

त्याच कॅसिनोत दहा पावलांवर रुलेटचं चक्र असतं. एक शून्य असलेल्या चक्राची नाल २.७ टक्के, दोन शून्यांच्या अमेरिकी चक्राची ५.२६. एकाच छपराखाली एकाच गोष्टीचे, म्हणजे नशीब अजमावण्याचे, भाव पाच पट, दहा पट वेगळे. सराफ्यात एखाद्याने असं करून दाखवावं! भावाची पाटी लागली असती तर केनोचा भाव उतरला असता किंवा आकडे काढायचा तो पिंजरा केव्हाच भंगारात गेला असता. भाव झाकलेला आहे म्हणूनच तो टिकून आहे.

नालीच्या टक्क्याला आणखी एक जोड आहे, वेगाची. ती लक्षात घेतली नाही तर माझी पाटीसुद्धा फसवी ठरेल. हॉलमधला जुना केनो संथ. समजा तासाला आठ सोडती झाल्या आणि दर वेळी पन्नास रुपये लावले. चारशे लागले, २९ टक्क्यांनी तासाला ११६ रुपये गेले. आता हाच खेळ यंत्रावर किंवा फोनवर आणा. तिथे नाल कमी ठेवतात. नेवाडाच्या नियमाप्रमाणे यंत्राने सरासरी ७५ टक्के तरी परत द्यावेच लागतात, आणि बरीच यंत्रं त्याहून अधिक देतात. समजा नाल दहाच टक्के आहे, तिकीटही दहाच रुपयांचं. पण सोडत दर दहा सेकंदांनी. तासाला ३६० सोडती, ३,६०० रुपये लागले, ३६० गेले. तिकीट एक पंचमांश, नाल एक तृतीयांश, आणि नुकसान तिप्पट. म्हणून पाटीवर दोन ओळी हव्यात: शंभरातले आमचे किती, आणि या वेगाने खेळलात तर तासाला सरासरी किती जातील. दुसरी ओळ पहिलीपेक्षा महत्त्वाची.

इथे करमणुकीचा मुद्दा येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. माणूस म्हणेल, तासाला ११६ रुपये मी मजेसाठी देतो, तुमचं काय जातं? काहीच जात नाही. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नपेक्षा ते स्वस्त आहे. काकूंनीही दोन-चार डॉलर घालवले आणि त्यांना मजा आली. त्यांच्या त्या संध्याकाळीवर कीर्तन करायची मला इच्छा नाही. पण मजेची किंमत आधी सांगितलेली असावी, एवढं तर करमणुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सगळ्यात आधी मागायला हवं. आमच्या कॉलनीच्या गणपतीत हाऊजी होते तेव्हा माइकवरून सांगतात, की तिकिटाच्या पैशातून इतके बक्षिसांना आणि उरलेले महाप्रसादाला. नाल जाहीर झाली. कुणी खेळायचं थांबत नाही, कुणाचा उत्साह कमी होत नाही. मंडळाच्या कार्यकर्त्याला जे जमतं ते कोट्यवधींच्या कंपनीला जमू नये?

नालीवरचं लक्ष उडवायला कॅसिनोकडे एक हुकमी साधन आहे, ते म्हणजे मागच्या सोडतींचा फलक. कुठले आकडे ‘गरम’, कुठले ‘थंड’, बरेच दिवसांत कोण निघालेलं नाही. मटक्याचे चार्ट आणि अंदाजाची पातळ पुस्तकं विकणारे हेच करतात. यात माहिती शून्य असते. चोवीस आकडा गेल्या दहा वेळा निघाला नसला तरी अकराव्या वेळी त्याची शक्यता चारात एकच. पण फलकाकडे बघणारा माणूस तक्त्याकडे बघत नाही, हा त्याचा खरा उपयोग. कुणी विचारेल, की मॉन्ट्रियलचं काय? १९९४ मध्ये तिथल्या कॅसिनोत एका माणसाने केनोच्या वीसपैकी एकोणीस आकडे लागोपाठ तीनदा अचूक सांगितले आणि सहा लाख वीस हजार कॅनडियन डॉलर जिंकले. चौकशी झाली. निघालं असं, की आकडे काढणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र रोज त्याच बीजापासून, म्हणजे सुरुवातीच्या त्याच आकड्यापासून, सुरू होत होतं, त्यामुळे आकड्यांची रांग पुन्हा तीच येत होती. त्याला पैसे मिळाले. सट्ट्याच्या पट्टीत नक्षी शोधणाऱ्यांना हा किस्सा फार आवडतो. पण त्यातून सिद्ध होतं ते इतकंच, की यंत्र बिघडलेलं होतं. आणि बिघाड खेळाडूला सापडेपर्यंत कॅसिनोला पत्ता नव्हता, ही गोष्ट तपासणीच्या बाजूने बोलते. फोनवरच्या परदेशी ॲपमागचं यंत्र कोण तपासतं?

आता आपल्या कायद्याकडे. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा इंग्रजांनी केला, मध्य प्रदेशात आजही त्याच्याच आधारे धाडी पडतात. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यातून सूट आहे. त्या एका सुटीवर आपली न्यायालयं दीडशे वर्षं राबली. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांच्यात रेघ ओढली, १९६८ मध्ये रमी कौशल्याचा खेळ ठरवला, आणि पुढे फोनवरच्या सगळ्या खेळांनी त्या निकालांच्या छत्रीखाली आसरा घेतला. कौशल्य की नशीब, हा वाद वकिलांना छान आहे. गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग काय? कौशल्याच्या खेळातही चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा घेतोच. तुम्ही रमीत पटाईत असाल, समोरचाही तितकाच असेल. दोघं बरोबरीचे असाल तर दोघंही हळूहळू त्या वाट्याएवढे हरत जाता.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यात कौशल्य-नशीब हा भेदच काढून टाकला. खेळ पुरवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला शिक्षा, खेळणाऱ्याला नाही. ही शेवटची गोष्ट शहाणपणाची आहे. पण बंदीच्या भाषणांत कुणी सांगितलं का, की त्या खेळांची नाल किती होती? बुडालेल्या घरांच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, त्या खऱ्याही असतील. भाव मात्र आत्ताही कुणाला माहीत नाही. उद्या कायदा बदलला किंवा परदेशी ॲप दुसऱ्या नावाने आलं, तर तोच माणूस त्याच अज्ञानानिशी परत तिथेच बसणार. बंदीने दुकान हलतं. गिऱ्हाइकाला हिशेब येत नाही.

परवान्याच्या बाजूला तर आणखी विनोद आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. जवळपास अर्धशतक एक कायदा कपाटात. गोवा आणि सिक्कीममध्ये कॅसिनो चालतात. मांडवीतल्या बोटी इंदूरच्या सहली काढणाऱ्यांना पाठ आहेत. त्यावर जीएसटी आता चाळीस टक्के आहे. सरकारने आपला वाटा राजपत्रात छापला, दर वाढला तेव्हा बातम्या आल्या, टीव्हीवर चर्चा झाल्या. खेळ चालवणाऱ्याचा वाटा छापायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. ब्रिटनमध्ये जुगाराच्या यंत्रावर सरासरी परतावा किती टक्के, हे दाखवावं लागतं. तिथे म्हणून कुणी जुगार सोडला असं नाही, पण नियम करता येतो आणि पाळून घेता येतो, एवढं त्यावरून दिसतं.

काही जण म्हणतील, व्यसनी माणूस पाटी वाचून थांबतो का? नाही थांबत. ज्याला खेळाने धरलं आहे त्याला डॉक्टर हवा, घरच्यांची साथ हवी, कर्जातून बाहेर काढणारं कुणी हवं. त्याच्यावर टक्केवारीचा काही परिणाम होणार नाही. पाटी त्याच्यासाठी नाहीच. ती पहिल्यांदा आत शिरणाऱ्यासाठी आहे, निवृत्तीचे पैसे हातात आलेल्यासाठी आहे, आणि सगळ्यात जास्त परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आहे. २९ टक्के हा आकडा फाइलवर डोळ्यांसमोर असेल तर ‘करमणूक उद्योग’ असा शेरा मारताना पेन जरा तरी अडखळेल.

दुसरा आक्षेप माझ्या मराठी मंडळींचा आहे आणि तो जास्त अवघड आहे. इंदुरातल्या मराठी घरांत या विषयावर बोलणंच वर्ज्य. मुलांना जुगाराचं गणित शिकवलं म्हणजे जुगारच शिकवला, असं एका पालकांनी मला फोन करून ऐकवलंही. तेही अर्धा तास, आणि फार आदराने. त्यांची भीती मी समजू शकतो. पण त्यांचा मुलगा ज्या फोनवर माझी व्हिडिओ लेक्चर बघतो, त्याच फोनवर क्रिकेटच्या सामन्यात पैसे लावायची लिंक त्याला मित्र पाठवतो. त्याला आकड्यांपासून दूर ठेवल्याने लिंकपासून दूर ठेवलं जात नाही. वर्गात २९ रुपयांचा हिशेब झाल्यावर त्याच मुलाने मागच्या बाकावरून विचारलं होतं, "सर, सामन्यावर एकाला एक पॉइंट नव्वद देतात, ती नाल कशी काढायची?" मी फळ्यावर काढून दाखवली. बरोबरीच्या दोन संघांवर शंभराचे एकशेनव्वद मिळत असतील तर नाल पाच टक्के. त्याने वहीत लिहून घेतली, पण माझा चेहरा बघून पुढचा प्रश्न गिळला.

मला स्वतःला मध्य प्रदेशात कॅसिनो नको आहे. कारण साधं आहे: जिथे सरकारचं उत्पन्न लोकांच्या हरण्यावर अवलंबून राहतं, तिथे लोक कमी हरावेत असं सरकारला वाटेनासं होतं. मॅसॅच्युसेट्ससारखं सरकारच केनो चालवायला लागलं की हा प्रश्न आणखी चिघळतो. पण हे माझं मत झालं, आणि उद्या बहुमत दुसरीकडे झुकलं तर ते मान्य करावं लागेल. तेव्हाच्या मसुद्यात मला तीन गोष्टी हव्या आहेत. प्रत्येक तिकिटावर आणि प्रत्येक यंत्रावर, बक्षिसाच्या रकमेएवढ्याच ठळक अक्षरात, शंभरातले किती ठेवले जातात आणि तासाला सरासरी किती जातात. आकडे काढणाऱ्या यंत्राची तपासणी मालकाव्यतिरिक्त दुसऱ्या कुणाकडून. आणि दर वर्षी प्रत्येक परवानाधारकाकडे एकूण किती रुपये लागले, किती परत गेले, याचा जाहीर हिशेब. पहिलं कलम गाळून कायदा आला, तर विरोधाच्या निवेदनावर सही करायला मी पहिल्या मामांच्या रांगेत उभा राहीन, तीन पत्तीचा विषय न काढता.